वायर माझ्या कपाटात आहे

बाबा,

मी रात्रपाळीला निघाले. लेझर मशीनची वायर माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, उगाच शोधत बसू नका. तुमच्या छोट्या लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या फळ्या कापताना धूर बाहेर फेकणारा पंखा आज पुन्हा बंद होता. शिवाय दार लावून आत बसलात. धुरापासून छातीला जपा म्हणणारे डॉक्टर काय भिंतीशी बोलत होते? तुमच्या लेकाला म्हणालात, "सूनबाई दिवसा झोपते, पंखा फार घरघरतो." माझ्या नावावर हे खपवू नका. पंखा लावणार असाल तरच वायर मिळेल. त्या घरघरीने माझी झोप कधीच मोडली नाही. तुमच्या खोकल्याने रोज मोडते.