नव्या घोंगडीचा वास

सोलापूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

केराबाई आईस सिद्धाप्पाचा पायावर डोकं ठेवून दंडवत. वळसंगात तुमी समदी खुशाल असाल.

मी हितं बरा हाय. गिरणीच्या रंगखात्यात काम कायम झालं. चाळीमागनं रंगाच्या पाण्याचा नाला जातो. त्याच्या घाणीनं सुरवातीला भाकरी तोंडात जायची न्हाय, डोकं ठणकायचं. आता काय बी वाटत न्हाय, तवा घोर करू नको.

शेजारचे सायन्नामामा ह्या खात्यात म्हातारे झाले. ते म्हणतात, नाकाला सवय हून जाती. परवा त्यांनी आंबलेलं कालवण खाल्लं अन् आजारी पडले. वासावरनं त्यांना कळलंच न्हाय. आता बरं हाय.

येडूदादा काल तू धाडलेली घोंगडी घिऊन आला. लई ऊब हाय. चिंचोक्याची खळ अजून अंगाला टोचती. पन आई, तू ती धुतलीस व्हय? नव्या घोंगडीला मेंढराचा वास न्हाय, असं कसं? मी लई येळ नाकाशी धरून बसलो.

येडूदादा हसला. म्हणाला, "साऱ्या वाटनं बाजूची मानसं नाक धरत हुती की रं!" मी घोंगडी परत नाकाशी नेली.

लंगडी मेंढी व्याली का? कोकराला हुंगून जवळ घेतलं का तिनं?

मास्तरांकडनं दोन ओळी लिवून घे. घोंगडी धुतली हुती, एवढंच कळव.

तुझा,
सिद्धा