नाण्यांची सत्ती

प्रिय नेलिदा,

समोरच्या घरात पत्र पाठवणारी मी कॉन्कोर्दियातली पहिलीच म्हातारी असेन. पण तू फोन उचलत नाहीस, आणि परवा ब्लासिदा चिपाचे, म्हणजे तिच्याकडचे ते चीजचे, गरम पाव घेऊन आली तर आतूनच ओरडलीस, "झोपलेय मी!" झोपलेली बाई इतकी खणखणीत ओरडते होय? ब्लासिदा परत येऊन म्हणाली, "इर्माबाई, मैत्रिणीच्या फुफ्फुसांची काळजी सोडा तुम्ही." ते पाव मग मीच खाल्ले. अक्षराला हसू नकोस, उजवा हात अजून माझं पूर्णपणे ऐकत नाही.

ही ब्लासिदा माझ्या घरी आली तेव्हा आपण दोघींनी तिला काय काय नावं ठेवली होती, आठवतं? मी न्हाणीघरात पडले आणि अनिबालने ब्यूनोस आयर्सहून फर्मान काढलं, "आई, वृद्धाश्रम नाहीतर घरात चोवीस तास माणूस. काय ते ठरव." लेक माझाच, हट्टही माझाच. मग ही पाराग्वेची बाई एक पिशवी आणि बर्फाचा थर्मास घेऊन दारात उभी राहिली. आल्या आल्या तिने माझे सगळे गालिचे गुंडाळले, कमोडशेजारी दांडा ठोकून घेतला, मिठाची बरणी वरच्या फळीवर चढवली आणि माझ्या खोलीचं दार रात्री उघडंच राहील असं सांगून टाकलं. मी तिला जेलर म्हणायचे. तू तर विचारलं होतंस, "काय गं, श्वास घ्यायची परवानगी आहे ना?" आणि तीच बाई भर उन्हाळ्यात आपल्या ‘माते’ चहाच्या हिरव्या पाल्यावर गरम पाण्याऐवजी बर्फाचं पाणी ओतते, हे बघून आपण दोघींनी कपाळाला हात लावला होता.

पण शेजारच्या रोसेंदोचा भिडू वारल्यापासून आपला चौघांचा शनिवारचा पत्त्यांचा खेळ, ट्रुको, बंद पडला होता. रोसेंदो एकटाच पत्ते पिसत बसायचा बिचारा. एका शनिवारी ब्लासिदाने हात पुसले, त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत आपल्या पुढ्यातले, पैजेला लावायचे घेवड्याचे सगळे दाणे तिच्याकडे. त्या दिवसापासून तू तिला जेलर म्हणणं सोडलंस. चोर म्हणू लागलीस.

आता खेळाचं तुला काय सांगायचं? मोठं पान हातात आलं की भिडूला गुपचूप खूण: भुवया उंचावल्या की तलवारीचा एक्का, डोळा मारला की सोट्याचा, तोंड डावीकडे वाकडं केलं की नाण्यांची सत्ती. संत्र्यांच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर समोरासमोर उभ्या असायचो आपण, बोललं की मुकादम खेकसायचा, म्हणून या पत्त्यांच्या खुणांवरच दिवस काढायचो. मुकादम आला की सोट्याचा एक्का. त्याची बायको आली की तलवारीचा. तुझ्या चेहऱ्याइतका मी कुठलाच चेहरा वाचलेला नाही, नवऱ्याचासुद्धा नाही.

दोन महिन्यांपूर्वीच्या त्या शनिवारी माझ्या हातात काय होतं माहितेय? चौकी, पंजी, छक्की. निव्वळ कचरा. आणि तू एकदम खूश होऊन टेबलावर थाप मारत पैज वाढवलीस, "ट्रुको!" मला कळेना, हिला झालंय काय? नको म्हणायला गेले तर जीभ हलेना. माझं तोंड डावीकडे गेलंय हे मला कुठे ठाऊक होतं! तुला दिसली ती सत्ती. रोसेंदोलाही तेच वाटलं, तो तर घाबरून डाव सोडायला निघाला. तेवढ्यात ब्लासिदाने आपले पत्ते उताणे टाकले, त्यात नाण्यांची सत्ती. तू ओरडलीस, "चोरटे, डाव मोडतेस!" ती मात्र माझ्यासमोर बसून म्हणत होती, "इर्माबाई, दोन्ही हात वर करा. हसून दाखवा." माझा एकच हात वर गेला. लगेच तिने रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? तर ब्लासिदा म्हणे, "तिसऱ्या डावाला," आणि मग वेळही सांगितली. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवायचं औषध वेळेवर मिळालं ते त्यामुळेच.

आता मी ठीक आहे. सकाळी आरशासमोर गाल फुगवून बसावं लागतं, मटार सोलावे लागतात, आणि वर्तमानपत्रातल्या मयतांच्या बातम्या मोठ्याने वाचाव्या लागतात. ब्लासिदा म्हणते, जिभेला व्यायाम होतो. मी म्हणते, मनालाही होतो, त्यात माझं नाव नसतं. रात्री मी कूस बदलली तरी तिला जाग येते. आधी याचा राग यायचा, आता याच भरवशावर झोपते.

रोसेंदोने सांगितलं मला, तू त्याला काय म्हणालीस ते. "ती मरत होती आणि मी तिच्यावर दाणे लावत होते." नेलिदा, मूर्ख आहेस तू. ब्लासिदाला कळलं कारण सत्ती तिच्या हातात होती. आजारी माणसाचं काय बघायचं हे तिला कळतं, पण त्या क्षणी तिला पत्त्यानेही सांगितलं. तुझ्या हातात काय होतं? माझ्यावरचा विश्वास. मी खूण केली म्हणजे माझ्याकडे पान असणारच, असं धरून चालणारी या जगात तू एकटी उरली आहेस. यात गुन्हा कसला गं? तू समोर राहत असून दोन महिने दिसत नाहीस, हा गुन्हा. मला तुझी फार आठवण येते. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांत आधी तुझंच नाव घेतलं, अनिबालला अजून राग आहे त्याचा.

तर आता मुद्द्याचं. दवाखान्यातून आल्यावर ब्लासिदाने विचारलं होतं, चालायला लागलात की पहिल्यांदा कुठे जायचं? मी तुझ्या दाराकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ती मला अंगणात चालवतेय, मी शिव्या घालतेय आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करतेय. आज वामकुक्षीची वेळ बघून निघतोय, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हे पत्र ती तुझ्या दाराखालून सरकवेल, परत येऊन माझा हात धरेल आणि आम्ही रस्ता ओलांडू. मला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढंच लांब पत्र लिहिलंय, म्हणून तर हे एवढं पाल्हाळ. म्हणजे तू इथवर वाचत आली असशील तर मी तुझ्या दाराबाहेर उभी आहे. मला फार वेळ उभं राहवत नाही. दार उघड.

तुझीच भिडू,
इर्मा