हस्त कुठं जातो?

६ जानेवारी
पेपरवर जर्नलचं उत्तर आलं एकदाचं. पास नाही, नापास नाही. ‘मोठ्या दुरुस्त्या.’ परीक्षक दोघं, नावं झाकलेली. त्यांनाही माझं नाव दिसत नाही. रि-१, म्हणजे पहिला रिव्ह्यूअर, खूश; एक आलेख सुधारा म्हणतो. रि-२ने मात्र मुळावरच घाव घातलाय. रब्बी ज्वारीच्या पेरण्या मी उत्तरा, हस्त, चित्रा अशा नक्षत्रांवर मांडल्यात. तो म्हणतो, ही नक्षत्रं सणांसारखी दरवर्षी सरकतात, म्हणून तीन वर्षांची तुलना फोल.
म्हणजे अख्खा पेपरच फोल. लय राग आला. चहा गार झाला, तसाच प्यायले.

७ जानेवारी
गाइड सर : “नक्षत्रं काढा मॅडम, आठवड्यांचे नंबर घाला. परीक्षकाशी भांडून कुणाचं भलं झालंय?”
सरांचंही खरं. पेपर स्वीकारल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि मुदत जूनअखेर. पण लोकांनी हस्त धरून पेरलं. चाळिसावा आठवडा धरून कोण पेरतं? तेच काढलं तर उरलं काय?

११ जानेवारी
पोखर्णी, आत्याचं गाव. पहिल्या नोंदी आत्याच्याच रानातल्या, म्हणून तिला सगळं सांगितलं. ती ज्वारीवरची पाखरं हाकत होती. हात न थांबवता म्हणाली, “दसरा-दिवाळी मागंपुढं व्हती. हस्त कुठं जातो? गांधी जयंतीला दरसाली हस्तच अस्तोय. येवढं शिकलेल्या मानसाला ठावं न्हाई?”
चूक माझीच की! पेरणीची नक्षत्रं सूर्यावर चालतात, फार तर एखादा दिवस इकडंतिकडं. हे मी पेपरात एका ओळीनेही लिहिलं नाही. हस्त कधी लागतो हे कुणाला सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. बिचारा रि-२!
आत्याने पेटीतून भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली. नऊ वर्षांची, प्रत्येकावर हस्त सप्टेंबरअखेरच लागलेला. कुठली गाय कधी गाभण राहिली ते त्यांच्यावर लिहिलेलं, म्हणून जपलेली. सगळ्यांचे फोटो घेतले.

२ फेब्रुवारी
उत्तर पाठवलं. मुद्देसूद, प्रत्येक शेऱ्याखाली खुलासा. नक्षत्रं तशीच ठेवली. खगोलाचे संदर्भ दिले, कॅलेंडरांचे फोटो पुरवणीत. सरांनी वाचून सुस्कारा टाकला, “बघा बुवा.”


१९ मार्च
स्वीकारला!! प्रयोगशाळेत एकटीच ओरडले, शिपाईकाका धावत आले.
रि-२ लिहितो : ‘गैरसमज माझा होता. नक्षत्रं काढू नयेत, उलट शीर्षकात घ्यावीत.’ हे मी सात वेळा वाचलं. शेवटी एकच किरकोळ शंका : कॅलेंडरावर हस्ताच्या चौकटीत हाताने लिहिलेली खूण कोणती? उत्तर दिलं : ‘कपिला नावाची गाय. पिकाशी संबंध नाही.’
सरांनी स्वतः पेढे आणले. “मी म्हणत होतोच,” म्हणाले. म्हणोत बापडे.
आत्याला फोन. “माझं नाव हाय का त्यात?” आहे गं, आभारात, पहिलंच.

८ एप्रिल
त्याच जर्नलची मेल. आता मीच परीक्षक! एकवीस दिवसांची मुदत. कॉलर ताठ.
पेपर उघडला. नाव झाकलेलं, कुठल्यातरी डोंगराळ भागातलं भात. एक झाड फुललं की लोक पेरणी करतात म्हणे. झाडाचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, खुलासा एका ओळीचाही नाही. हात शिवशिवले. ‘झाडाचा फुलोरा दरवर्षी मागेपुढे होतो, तुलना फोल,’ असं टाइप करून मोकळी झाले.
मग वाचलं काय लिहिलंय ते.
खोडलं. त्या जागी प्रश्न टाकला : हे झाड तुमच्याकडे केव्हा फुलतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?
निर्णयाची चौकट अजून कोरीच आहे.