तिसऱ्या ओळीतला प

४ जून

समारंभ २० जुलैला. शेहेचाळीस दिवस राहिले. लेकीचं नर्सिंगचं शिक्षण संपलं, आता बिल्ला मिळणार. पद्धत अशी की पालकानं माईकपाशी जायचं, मुलीचं नाव घ्यायचं, ती रांगेतून पुढं येणार, मग बिल्ला लावायचा. फॉर्मवर तिनं माझं नाव लिहिलंय. आईचं नाही – माझं!

म्हटलं, आई येईल की. तर म्हणाली, "फॉर्म दिला बाबा. आता खाडाखोड चालत नाही."

तिचं नाव 'प'वरून आहे. प आला की माझे ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. बाकीची अक्षरं निदान अडखळत तरी येतात. आणि हे नाव ठेवलं कुणी? मीच, बावीस वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेनं. कागदावर लिहून पाहिलं, छान दिसलं. तोंडाला विचारलंच नाही. तेव्हापासून तिला हाक 'अगं'. बायकोलाही 'अगं'. दोघींनी वाटणी करून घेतली आहे – लांबलेलं अगं आईचं, तोकडं लेकीचं. चुकून मधलं निघालं की दोघी येतात.

६ जून

गेल्या महिन्यात एकदा स्वप्नात तिचं नाव घेतलं होतं. सलग, न अडता. तेव्हापासून डोक्यात तेच.

आज मानसशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक दुकानात चष्मा न्यायला आले. त्यांना विचारलं, ठरवून स्वप्न बघता येतं का? वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. ते थांबले, मधेच शब्द पुरवले नाहीत. असा माणूस विरळा.

म्हणाले, "स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे असं कळलं, की पुढचं तुमच्या हातात. लवकर झोपायचं, पहाटे चारला उठायचं, अर्धा तास जागायचं, परत झोपायचं. आणि दिवसा दहादा स्वतःला विचारायचं, मी जागा आहे का? काहीतरी वाचा, नजर वळवा, परत वाचा. स्वप्नात अक्षरं बदलतात."

वाचायला मला कमी नाही. काचा घासायच्या माझ्या टेबलासमोरच डोळे तपासायचा तक्ता आहे. तिसऱ्या ओळीत दुसरं अक्षर – प.

९ जून

साडेनऊला झोपलो, चारला गजर. बायको म्हणाली, "एक तर झोपेत बडबड, त्यात आता हे. मी चालले लेकीच्या खोलीत." उशी घेऊन गेलीसुद्धा.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला उलटं हवंय. स्वप्नी जमलं ते तोंडी यावं.

१४ जून

काही नाही. नुसती झोपमोड.

लेकीची सकाळची ड्यूटी असते. ती पावणेपाचला उठते तेव्हा मी परत झोपायच्या तयारीत. आज दारात गाठ पडली. "बाबा, काय चाललंय तुमचं?" म्हटलं, अगं, काही नाही. पटलं नसावं तिला.

२३ जून

आज शोभा झाली. परवा एका बाईंच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली होती. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बिचाऱ्या जिन्यात दोनदा ठेचकाळल्या. म्हणाल्या, "पायरी दिसते तिथं नसतेच हो!" मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "जागे आहात ना?"

सवयीनं मी तक्त्याकडे पाहिलं, नजर वळवली, परत पाहिलं. प जागेवर होता. म्हटलं, हो, जागा आहे. मालकांना ते काही रुचलं नाही.

बाईंची माफी मागितली. काचा तिथल्या तिथे बदलून दिल्या.

२ जुलै

कळलं! स्वप्नात कळलं की हे स्वप्न आहे. इतका आनंद झाला की जागाच झालो. हसू आलं, मग रडूही आलं. अठरा दिवस उरले.

७ जुलै

बायकोनं विषय काढला. "इतका जीव का जाळताय? मी घेते नाव. आजारी आहेत म्हणून सांगू." तिचं काही चुकलं नाही. पण लेकीनं मला लिहिलंय. मला टाळायचं असतं तर तिनंच आईचं नाव लिहिलं असतं.

लोक म्हणतात मी तोंडातून ब्र काढत नाही. ब्र सोपा हो. प काढून दाखवा.

११ जुलै

जमलं. आज पहाटे, दुसऱ्या झोपेत.

दुकानातच होतो. तक्ता पाहिला. नजर वळवली, परत पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत सगळे प. म्हटलं, हे स्वप्न. आणि या वेळी जागा झालो नाही. मागच्या दारातून थेट समारंभाच्या सभागृहात गेलो. ती पाठमोरी उभी होती, पांढऱ्या गणवेशात. मी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्वच्छ, बातम्या देणाऱ्यासारखं.

तिनं वळून पाहिलं नाही. परत घेतलं. नाहीच. दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तशी उभी राहिली.

ज्यासाठी महिनाभर झोप घालवली ते मिळालं, आणि मी उठून अंथरुणात सुन्न बसलो. मग ओठांवर नाव आणून पाहिलं. ओठ मिटलेलेच.

१२ जुलै

गजर बंद. बायको उशी घेऊन परत आली.

२० जुलै

अडलो. माईकसमोर, दोनशे माणसांत. प... प... पुढं काही नाही. माईकमुळं ओठांचा आवाज तेवढा सगळीकडे. मागं कुणीतरी खोकलं. घाम फुटला. तक्ता कुठं दिसतोय का बघितलं. नव्हता. जागाच होतो. डोळे मिटून परत प काढला.

तिसऱ्या 'प'ला डोळे उघडले तर ती समोर उभी. पहिल्यालाच निघाली होती म्हणे. माझा हात धरून बिल्ला तिनंच जागेवर नेला. नाव पुरं झालं ते पिन लावताना, तिच्या कानाशी. माईकला ऐकू गेलं नसेल.

२१ जुलै

सकाळी तिला विचारलं, अगं, मलाच का लिहिलंस?

म्हणाली, "तुम्ही झोपेत माझं नाव घेता बाबा. लहान होते तेव्हापासून. एकदाही अडत नाही. मधे महिनाभर बंद होतं, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग त्या अकरा तारखेला, ड्यूटीला निघताना, दोनदा घेतलंत. बूट हातात घेऊन ऐकत राहिले."

बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

स्वप्नात तिनं वळून पाहिलं नव्हतं. कशी पाहील? ती दाराशी उभी होती.