काळा धोटा आणि आईचा माग

११ ऑगस्ट २०२४

पंचवीस वर्षांनी आमच्या ‘काळा धोटा’ बँडचं (मागावर दोरा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा) नशीब उघडलं! बेंगळुरूहून फोन. आदर्श म्हणून पोरगा आहे, हेवी मेटलचे कार्यक्रम भरवतो. ‘काळा धोटा’ची कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर टाकली म्हणे, आणि फिनलंड-ब्राझीलची माणसं ऐकून वेडी झालीत. आमची कॅसेट! वडगावात बसून वाजवलेली! तीनशे काढल्या होत्या, निम्म्या अजून माळ्यावर पडल्यात.

सगळ्यात कौतुक ‘लोखंडी घोडा’ या गाण्याचं. मधेच सगळं थांबतं, चार सेकंद चिडीचूप, मग गिटार उसळते. "सर, ती शांतता म्हणजे जीनियस!" काय सांगू त्याला? आम्ही आईच्या खोलीत रेकॉर्ड करत होतो, ती हातमागावर. लग्नाची साडी द्यायची होती, उठायला तयार नाही. "तुमचं तुमी वाजवा, माझं मी विणते." गाण्यात तिचा दोरा तुटला, माग थांबला. मागाच्या ठेक्यावर वाजवायची सवय लागलेली, आम्ही तिघंही थांबलो! गाठ मारून ती सुरू झाली, आम्हीही सुरू. जीनियस म्हणे!

२९ सप्टेंबरला बोलावलंय. हो म्हणून बसलो.

१२ ऑगस्ट

आमचा ड्रमवाला गुंडू, डोक्याचा पार गोटा झालाय. "डोस्कं हालवायला केसं कुठनं आणू रं?" बास वाजवणारा विनोद हिंडलग्याहून आला. त्याच्या गिटारीत मुंग्या.

२५ ऑगस्ट

स्टुडिओत तालीम. वाट लागली! गुंडू पळतोय, विनोद रांगतोय, मी गिटार घेऊन मधे लोंबकळतोय. आमची ही, रचना, ऐकायला आलती. "कॅसेटमधले तुमीच न्हवं?" म्हणाली. बायकोच ती.

१ सप्टेंबर

पुन्हा बोंब.

आज हसू आलं नाही. आयुष्यात एकदा कुणी बोलावलंय, आणि हजार पोरांसमोर आम्ही नाक कापून घेणार. आदर्शला नाही म्हणून कळवावं का? फोन दोनदा उचलला, ठेवला.

८ सप्टेंबर

गणपतीमुळं स्टुडिओ बंद. घरीच वाजवत बसलो, तसंच बेसूर. आतनं आईनं माग सुरू केला. खट-खटाक, खट-खटाक. आणि देवाशप्पथ, दोन मिनिटांत तिघं एका ओळीत आले! गुंडूचे डोळे एवढे मोठे.

"माग न्यायचा," विनोद म्हणाला.

"आणि म्हातारीला?" गुंडूनं विचारलं.

आई शहात्तर वर्षांची. विचारलं. "मला काय येतंय त्यातलं? मी आपली विणणार."

"तेवढंच कर गं."

"लुगडं नेसूनच बसणार. तुमचं ते काळं जाकीट मी न्हाय घालणार!"

२० सप्टेंबर

‘लोखंडी घोडा’चं ठरलं. मी मान हलवली की आईनं माग थांबवायचा, पुन्हा हलवली की सुरू. "बरं," म्हणाली. तालमीत माझ्या मानेकडं बघेचना! म्हटलं, तिथं बघेल.

२७ सप्टेंबर

माग सुटा करून टेम्पोत भरला. आई पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर चटणी-भाकरीची पिशवी.

३० सप्टेंबर

वाजवलं! काल लई वाजवलं! आईचा माग मधोमध, त्याच्यावर तांबडा उजेड. पोरं "बायाक्का! बायाक्का!" ओरडायला लागली. गुंडूनं त्यांना तिचं नाव आधीच सांगून ठेवलेलं, बेणं! आई काठ बघत विणत होती.

‘लोखंडी घोडा’ सुरू झालं आणि गर्दी बघून मी मान हलवायची साफ विसरलो. तरी माग थांबला, बरोब्बर त्याच जागी. सगळं मैदान गप्प. मग खटाक! पोरं नुसती पिसाळली. मी रडलो. गुंडूही रडला, घाम आहे म्हणतोय.

१ ऑक्टोबर

आज माग परत जोडताना आईला विचारलं, "मी मान हलवली नव्हती. कशी थांबलीस गं?"

"गाणं पाठ हाय मला."

"आणि कॅसेटच्या येळी? दोरा तुटलेला ना?"

"कुठला दोरा? तू फुडचं इसरलेलास. तोंड उतरलं तुझं. म्हटलं, आठवू दे पोराला, म्हणून मागावरचा हात उचलला."

आदर्शला फोन करून सांगायला पाहिजे, जीनियस कोण ते.