फ्लेक्सवरची आई

कुर्डुवाडी
१२ मार्च २०२५

ती. शहाजीदादास,
वैजयंतीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. हे दुपारपाळीला वर्कशॉपला गेलेत, ऋतुजाची परीक्षा चालू आहे. पूनमवहिनींनाही नमस्कार सांग. फोन केला की "रेंज न्हाय" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

आईच्या तेराव्याला मी न जेवता निघाले याचा तुला राग आलाय म्हणे. येऊ दे. जेऊरच्या चौकातला तो फ्लेक्स बघून घशाखाली घास उतरला नसता. तोंड आईच्या आधार कार्डावरचं आणि खाली अंग कुणा भलतीचंच! पैठणी काय, ठुशी काय! कपाळावर ठसठशीत कुंकू! नाना गेल्यावर तिचं कुंकू आपल्याच भाऊबंदांनी पुसायला लावलं होतं ना? आता तीच माणसं फ्लेक्सखाली हात जोडून "शोकाकुल" म्हणून उभी.

लावायचाच होता तर सुगीतला फोटो लावायचा. हाताला चिंध्या बांधून ज्वारी उपटणारी, केसात भुसकट असलेली. नाना गेले तेव्हा तू शाळेत होतास, मी पाळण्यात. "बाईमाणसाला रान झेपणार न्हाय, आमाला वाट्यानं दे," म्हणत सगळे दारात बसले होते. तिनं दिलं नाही. पेरायला माणूस मिळेना तर स्वतः पाभर धरली. लोक हसले, आणि पुढच्या वर्षी तेच लोक तिच्याकडून बी मागून घेऊन गेले.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फ्लेक्सचा राग खरा, पण तो तेवढाच नाही.

शेजारच्या रानातल्या दाक्षायणीकाकूंनी मला सावडायच्या दिवशी सगळं सांगितलं. आईचा डावा हात सकाळपासून ठणकत होता. घामानं लुगडं भिजलं होतं. ती तुला म्हणाली, "शहाजी, छातीवर कुणी बसल्यावानी व्हतंय रं." आणि तू म्हणालास, "पित्त असंल. सोडा पी. उद्या मळणी यंत्र यायचंय, तेवढी कणसं मोडून हुंदे, मग जाऊ की दवाखान्यात."

मोटारसायकल बांधावर उभी होती, दादा.

आई सोडा पिऊन परत पेंढ्यांजवळ बसली आणि तिथंच कलंडली. तू मात्र पाहुण्यारावळ्यांना सांगत होतास, "देवानं सोन्यावानी मरण दिलं." देवाचं नाव घेऊ नकोस. तू दिलंस.

आणि वर बिभीषणकाकाच्या हाती निरोप धाडतोस? सोमवारी ये, हक्कसोडीवर सही कर, सगळ्या बहिणी करतात, चोळीबांगडीला माहेर उघडं राहतं. रस्त्याकडेचा तुकडा ढाब्याला द्यायचाय म्हणे. तोच ना, जिथले दगड आईनं डोक्यावर वाहून बांध घातला?

मी सही करणार नाही. सोमवारी नाही, कधीच नाही. त्या तुकड्यात ढाबा होणार नाही, ज्वारीच होईल. पेरायला मी येणार. ह्यांना सांगितलंय, ते म्हणाले, "तुज्या आईचं रान हाय, तू बघ."

माहेर तुटेल, असं काकाकडून कळवलंस. आई होती तोवर ते होतं. वहिनींना सांग, मी आले तर ओटीचं ताट काढू नका. पाहुणी म्हणून मी आता त्या गावात पाऊल ठेवणार नाही.

केराबाईची वारस,
वैजयंती