जाळीची एक तार

सूनबाई,

वायरलेस मुका का झाला ते सापडलं. छतावरच्या अँटेनाची वायर ज्या प्लगने सेटला जोडतो, तो उघडून पाहिला. वायरीतल्या जाळीची केसाएवढी तार मधल्या पिनेला चिकटली होती, म्हणून बोटीवरचा आवाज सेटपर्यंत पोहोचतच नव्हता. बाब्या रुसलेला नाही. निघताना तुमचं वाजलं खरं, पण तो रोज हाका मारत असणार आणि तू इथे उगाच अर्धपोटी उठतेस.

ती तार कापून नवा डाख दिलाय. प्लग खिडकीत निवत ठेवलाय. पिन सरळ भोकात बसव आणि फक्त बाहेरचं कडं फिरव. वायरीला पीळ देऊ नकोस.

दिवेलागणीला तो बोलेल. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही. हे तुम्हा दोघांना वेगळं सांगायला नको!

अक्षर वाकडं आलं असेल तर दोष मला लिहायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंचा, म्हणजे तुझाच.

मी धक्क्यावर गप्पा मारत बसतो, मुद्दाम उशिरा येईन. प्लग मीच जोडला असता, पण बाब्याचा पहिला आवाज तू ऐकावास.

मामंजी